हिमवादळानंतरची पहिली निरभ्र सकाळ: हिमालयात नव्याने जाणाऱ्यांसाठी हिमस्खलनाविषयी मार्गदर्शन

डिसेंबर ते मार्च या काळात पुण्या-मुंबईहून आणि नाशिक-कोल्हापूरकडून ट्रेकर्सचे अनेक गट केदारकांठा, ब्रह्मताल, कुआरी पास अशा बर्फातल्या वाटांवर जातात, तर काही जण स्कीइंग शिकण्यासाठी औली किंवा गुलमर्ग गाठतात. यांतील बहुतेकांचा डोंगराचा अनुभव सह्याद्रीत कमावलेला असतो. तो मोलाचा आहे. तोल, चाल, पाठीवरच्या ओझ्याची सवय आणि सोबत्याकडे लक्ष ठेवण्याची शिस्त या गोष्टी तिथेच अंगवळणी पडतात. एका बाबतीत मात्र हा अनुभव फसवतो. पाऊस थांबून दोन दिवस ऊन पडले आणि कातळ वाळला की वाट चालण्याजोगी झाली, असे आपण सह्याद्रीत धरून चालतो. हिमालयात दोन दिवस बर्फ पडून गेल्यावर तिसऱ्या सकाळी आभाळ निळेशार होते, शिखरे लख्ख दिसतात, मुक्कामात अडकून पडलेली मंडळी बूट चढवू लागतात, आणि नेमक्या त्याच सकाळी उतारावरचा बर्फ सुटण्याच्या बेतात असू शकतो.

बर्फ का सुटतो

पश्चिम हिमालयातला हिवाळी बर्फ मुख्यतः पश्चिमी विक्षोभांमुळे पडतो. हवामानाच्या बातम्यांत ज्याला वेस्टर्न डिस्टर्बन्स म्हणतात ती ही भूमध्य समुद्राच्या बाजूने येणारी प्रणाली एक-दोन दिवस बर्फ टाकते आणि पुढे सरकते. दोन प्रणालींच्या मधल्या कोरड्या, कडाक्याच्या थंडीत जुन्या बर्फाच्या आत एक बदल होत असतो. जमिनीलगतचा बर्फ शून्य अंशाच्या आसपास राहतो आणि वरचा पृष्ठभाग रात्री फार थंड होतो. या फरकामुळे बर्फातली वाफ खालून वर सरकते आणि कणांचे रूपांतर कोनदार, सुट्या दाण्यांत होते. असा बर्फ हातमोज्यात घेऊन कितीही दाबला तरी त्याचा गोळा होत नाही. जाड साखरेसारखा तो बोटांच्या फटींतून गळून जातो. पुढचे वादळ या साखरेवर नवा, जड थर टाकते.

घरी एक प्रयोग करून पाहावा. पाटावर रवा पसरावा, त्यावर एक जाड पुस्तक ठेवावे आणि पाटाची एक बाजू हळूहळू उचलावी. बराच वेळ काही होत नाही, आणि मग पुस्तक एकदम, अख्खेच्या अख्खे निसटते. हिमस्खलनाचा सर्वांत घातक प्रकार असाच असतो. वरचा घट्ट थर फरशीच्या लादीसारखा एकसंध तुटतो आणि त्यावर उभा असलेला माणूस लादीसकट खाली जातो. एका बिंदूपासून सुटून त्रिकोणात पसरणारा भुसभुशीत बर्फही माणसाला कड्यावरून ढकलू शकतो, पण लादी तुटते तेव्हा तिची रेघ बहुधा आपल्याही वर उमटलेली असते आणि बाजूला होण्यास वेळ मिळत नाही.

माणसे सापडलेल्या हिमस्खलनांपैकी सुमारे ९० टक्के घटनांत ते सुटण्याला स्वतः ती व्यक्ती किंवा तिच्याच गटातील कोणी कारणीभूत ठरलेले असते. ही गोष्ट भयंकर वाटते, पण नवख्यासाठी तीच सर्वांत उपयोगाची आहे, कारण बर्फ किती पडावा हे आपल्या हातात नसले तरी कोणत्या उतारावर पाय ठेवायचा हे आपल्या हातात असते.

निघण्यापूर्वी: तिकीट, नकाशा, इशारा

पहिली पायरी रेल्वेचे आरक्षण करतानाच येते. परतीच्या प्रवासाआधी किमान दोन दिवस मोकळे ठेवावेत. वादळात आणि ते थांबल्यानंतरच्या २४ ते ४८ तासांत स्खलनांचे प्रमाण सर्वाधिक असते. हे तास मुक्कामात काढण्याची सोय ज्याच्या वेळापत्रकात नाही, तो देहरादूनची गाडी गाठण्यासाठी चुकीच्या दिवशी उतारावर जातो. रजा संपत आली आहे, पैसे भरून झाले आहेत, समोर शिखर दिसते आहे आणि दुसरा गट निघालासुद्धा, या चार गोष्टी बर्फाबद्दल काहीही सांगत नाहीत. तरीही निर्णय त्यांच्यामुळेच बिघडतात. थांबण्याचे ठरवणाऱ्या गटप्रमुखाला नवख्यांनी मनापासून साथ द्यावी, आणि गटातील एकाही व्यक्तीला पुढे जाणे नको वाटत असेल तर तिचे म्हणणे निर्णायक मानावे.

दुसरी पायरी अधिकृत इशाऱ्याची. आपल्याकडे डीआरडीओच्या अखत्यारीतील चंदीगडची डीजीआरई ही संस्था हिवाळ्यात जम्मू-काश्मीर, लडाख, हिमाचल आणि उत्तराखंड या भागांसाठी हिमस्खलनाचा अंदाज देते. पूर्वी हे काम सासे या नावाने ओळखली जाणारी संस्था करीत असे. त्याच्या जोडीला भारतीय हवामान विभागाचा अंदाज पाहावा आणि तीन गोष्टी टिपून ठेवाव्यात: बर्फ किती पडणार, वारा कोणत्या दिशेने व किती वेगाने वाहणार, आणि तापमान चढणार की उतरणार. चोवीस तासांत ३० सेंटीमीटर किंवा त्याहून अधिक ताजा बर्फ पडला, तर तीव्र उतारांचा विचार त्या दिवसापुरता सोडून द्यावा.

धोक्याची श्रेणी जगभर सामान्यतः पाच पातळ्यांची असते: कमी, मध्यम, लक्षणीय, जास्त आणि अतिजास्त. तिसरी पातळी मधोमध असल्यामुळे नवखे तिला परीक्षेतल्या पन्नास टक्क्यांसारखी समजतात. प्रत्यक्षात प्रत्येक पातळीगणिक धोका पटींनी वाढत जातो, आणि युरोपातील अपघातांत सर्वाधिक मृत्यू तिसऱ्या पातळीच्या दिवशी झालेले दिसतात. चौथ्या-पाचव्या पातळीला लोक घाबरून घरी थांबतात, तिसरीला निघतात. स्वित्झर्लंड, कॅनडा किंवा अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांना उतारांच्या दिशा आणि उंचीनुसार तपशील देणारा दैनंदिन अंदाज सहज मिळतो. आपल्याकडचा इशारा बहुधा जिल्ह्यासाठी आणि ठरावीक उंचीच्या वरच्या भागासाठी असतो, त्यामुळे समोरच्या एका उताराविषयीचा निर्णय आपल्यालाच आणि आपल्या स्थानिक गाइडलाच घ्यावा लागतो.

तिसरी पायरी नकाशाची. लादी तुटण्याच्या घटना प्रामुख्याने ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात आणि ३८ अंशांच्या आसपास त्या सर्वाधिक असतात. दुर्दैवाने स्कीइंगला सर्वांत सुंदर वाटणारे उतारही हेच. १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर समोच्च रेषा ४० मीटरच्या अंतराने काढलेल्या असतील, तर लागोपाठच्या पाच अंतरांचा, म्हणजे २०० मीटर चढाचा पट्टा साधारण ७ मिलिमीटरपेक्षा अरुंद दिसला की तो उतार ३० अंशांहून तीव्र आहे असे समजावे. असे पट्टे पेन्सिलने रंगवावेत, आणि केवळ पट्ट्यांतून जाणारी वाट नव्हे तर पट्ट्यांच्या खालून जाणारी वाटही टाळावी. सपाटीवर चालणारा माणूससुद्धा वरून आलेल्या बर्फाखाली सापडतो.

नाळ सोडा, सोंड धरा

सह्याद्रीतून येणाऱ्यांना हे स्वतंत्रपणे सांगणे मला आवश्यक वाटते. बेलपाड्याहून हरिश्चंद्रगडावर नळीच्या वाटेने चढलेल्या माणसाला नाळ म्हणजे डोंगराने ठेवलेला दरवाजा वाटतो. दोन्ही बाजूंना कडे असले तरी मधून वाट निघते हा विश्वास पायांत मुरलेला असतो. बर्फात हीच नाळ सर्वांत वाईट जागा ठरते. वरच्या खोलगट उतारावरचा सगळा बर्फ नाळेत गोळा होऊन खाली येतो, बाजूला पळण्यास जागा नसते, आणि लहानशा स्खलनाचा बर्फसुद्धा अरुंद तळाशी साचून माणसाच्या डोक्यावर दोन-तीन मीटर चढतो. ओढ्याची घळ, वळणावर कापलेला रस्ता, कड्याच्या काठावरचा उतार, उतारानंतर एकदम येणारी सपाट बशीसारखी जागा, हे सगळे असेच सापळे आहेत.

म्हणून बर्फात शक्यतो सोंडेने, म्हणजे मुख्य डोंगरापासून खाली उतरणाऱ्या फाट्याने चढावे, धारेवरून चालावे किंवा दाट जंगलातून जावे. धारेवरही एक काळजी घ्यावी लागते. वारा बर्फ उचलून धारेच्या आडोशाच्या बाजूला टाकतो आणि तिथे हवेत लोंबणारा बर्फाचा सज्जा तयार होतो, ज्याला गिर्यारोहक कॉर्निस म्हणतात. वरून तो भक्कम जमिनीसारखा दिसतो, आणि तुटताना काठापासून बऱ्याच आतून तुटतो. त्यामुळे वाऱ्याच्या बाजूने, काठापासून चांगले लांब चालावे.

जंगलाविषयीही गैरसमज असतो. झाडे इतकी दाट असावीत की त्यांच्यातून स्की करणे अवघड जावे. विरळ देवदारांमुळे लादी अडत नाही. उताराच्या वरच्या अंगाच्या फांद्या मोडून गेलेली झाडे, खाली झुकलेले भोजवृक्ष आणि जंगलात मध्येच सरळ खाली उतरणारा मोकळा पट्टा दिसला, की तिथून पूर्वी हिमस्खलन गेले आहे असे समजावे. अशा पट्ट्यात जेवायला बसू नये, फोटोसाठी थांबू नये आणि तंबू तर अजिबात ठोकू नये. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी बद्रीनाथजवळच्या माणा येथे रस्त्याच्या कामावरील मजुरांच्या छावणीवर स्खलन कोसळले. ५४ जण त्यात सापडले आणि ८ जणांचा मृत्यू झाला. ती माणसे शिखर चढत नव्हती, आपल्या निवाऱ्यात होती.

रस्त्यावर गाडी थांबवून बर्फात खेळणाऱ्या कुटुंबांनाही हे लागू आहे. ४ एप्रिल २०२३ रोजी सिक्कीममध्ये गंगटोक ते नथू ला मार्गावर पंधराव्या मैलाजवळ सात पर्यटक गाडले जाऊन मरण पावले. परवाने तेराव्या मैलापर्यंतचेच होते. परवान्याची हद्द आणि गुलमर्गच्या गोंडोला या रोपवेजवळ लावलेल्या दोऱ्या व फलक यांकडे बंधन म्हणून न पाहता माहिती म्हणून पाहावे. या रोपवेच्या दुसऱ्या टप्प्यावर, अफरवट डोंगरावर जवळजवळ ४,००० मीटरवर उतरल्यावर स्की पेट्रोल हे गस्ती पथक ज्या भागाची देखरेख करते, तेवढाच भाग तपासलेला असतो. दोरीपलीकडचा उतार कितीही जवळ दिसला तरी तो मोकळा डोंगर आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये याच अफरवटवर दोन पोलिश स्कीअर स्खलनात मृत्युमुखी पडले.

त्या सकाळी काय पाहावे

मुक्कामातून बाहेर पडताच आधी समोरच्या डोंगरांकडे निवांत पाहावे. आपल्या उताराच्याच दिशेच्या आणि उंचीच्या दुसऱ्या उतारावर रात्री ताजे स्खलन झालेले दिसले, तर त्याहून स्पष्ट इशारा दुसरा नाही. धारेवरून पांढरा धूर उडताना दिसत असेल तर बर्फ पडणे थांबले असले तरी वारा अजून बर्फ वाहून नेतो आहे, आणि आडोशाच्या उतारावर आकाशातून पडतो त्यापेक्षा कितीतरी वेगाने थर चढत आहेत. असा वाऱ्याने भरलेला उतार गुबगुबीत, उशीसारखा दिसतो आणि त्यावर काठी टोचली तर पोकळ, ढोलासारखा आवाज येतो.

चालायला लागल्यावर कान आणि पाय सावध ठेवावेत. पायाखाली ‘धुम्म’ असा दबका आवाज होऊन आजूबाजूचा बर्फ किंचित खचल्यासारखा वाटला, किंवा पावलापासून निघालेली भेग सरसर पुढे धावली, तर आतला कमकुवत थर मोडला आहे. सपाटीवर असल्यामुळे फक्त लादी घसरली नाही, एवढेच. अशा वेळी चर्चा न करता आल्या पावली, आपल्याच पाऊलखुणांवरून परतावे. तापमान एकदम चढले, झाडांवरून बर्फ गळू लागला, उतारावरून छोटे गोळे आपोआप घरंगळू लागले, तर तेही परतण्याचे कारण आहे. दक्षिणेकडे तोंड असलेले उतार दुपारी उन्हाने ढिले होतात, म्हणून त्यांच्याखालून भल्या पहाटे निघून जावे. उत्तरेकडचे सावलीतले उतार थंड राहतात आणि त्यांच्यातला साखरेचा थर आठवडेच्या आठवडे तसाच टिकतो, त्यामुळे ४८ तासांचा हिशेब तिथे पुरत नाही.

उताराचा कोन डोळ्यांनी ठरवू नये. सुरुवातीला तो सगळ्यांचाच चुकतो. मोबाइलमधील कोनमापकाने मोजावा किंवा चालायच्या काठीने मोजावा. १२० सेंटीमीटरची काठी आडवी धरून तिचे एक टोक उतारावर टेकवावे. हवेत राहिलेल्या दुसऱ्या टोकापासून सरळ खाली बर्फापर्यंत ७० सेंटीमीटर अंतर भरले तर उतार ३० अंशांचा आहे. अंतर त्याहून जास्त असेल तर तिथे जाऊ नये. मात्र धोकादायक वाटणाऱ्या उताराच्या मध्यावर जाऊन हे माप घेऊ नये. कडेला, तशाच कोनाच्या छोट्या जागी घ्यावे.

बर्फात खड्डा खणून थर तपासण्याची पद्धत शिकण्यासारखी आहे. भिंत गुळगुळीत कापून वरून खाली प्रत्येक थरात आधी मूठ, मग चार बोटे, मग एक बोट, पेन्सिल आणि शेवटी सुरी टोचत जावे. घट्ट थराखाली जिथे मूठ सहज आत शिरते तो थर संशयास्पद मानावा. पण या खड्ड्यातून नवख्याने एकाच प्रकारचा निष्कर्ष काढावा, तो म्हणजे परतण्याचा. खड्ड्यात काही वाईट दिसले नाही म्हणून पुढे जाणे योग्य नाही, कारण दहा पावलांवर थर वेगळे असू शकतात.

जोखमीची जागा ओलांडावीच लागली तर

एका वेळी एकानेच जावे. बाकीच्यांनी स्खलनाच्या वाटेबाहेर, खरोखर सुरक्षित जागी थांबून त्याच्यावर नजर ठेवावी आणि तो पलीकडच्या सुरक्षित जागी पोहोचल्यावरच दुसऱ्याने निघावे. सह्याद्रीत एकमेकांना खेटून, हात देत चालण्याची आपली रीत आपुलकीची आहे, पण इथे ती सगळ्यांनाच एकाच बर्फाखाली नेऊ शकते. निघण्यापूर्वी जाकिटाची चेन वर ओढावी, काठीच्या दोऱ्या मनगटातून काढाव्यात आणि पाठीवरच्या सॅकचा छातीचा पट्टा सोडून ठेवावा.

बर्फ सुटलाच तर मोठ्याने ओरडावे, बाजूला निसटण्याचा प्रयत्न करावा, काठ्या सोडाव्यात आणि पृष्ठभागावर राहण्यासाठी सर्व ताकदीने झुंजावे. वेग मंदावू लागल्याचे जाणवताच हात तोंडासमोर आणून श्वासापुरती पोकळी करावी. थांबल्यावर हा बर्फ इतका घट्ट बसतो की बोटसुद्धा हलवता येत नाही.

पहिली दहा मिनिटे

पूर्ण गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढला तर वाचण्याची शक्यता सुमारे ९० टक्के असते. अर्ध्या तासानंतर ती एक तृतीयांशाच्या आसपास उरते. मृत्यू बहुतांशी श्वास कोंडल्याने होतो. कोणतेही बचाव पथक इतक्या लवकर पोहोचत नाही. बचाव पथक म्हणजे तिथे उभे असलेले आपण, आणि म्हणून प्रत्येकाजवळ तीन वस्तू असल्याच पाहिजेत: अंगावर बांधलेला ४५७ किलोहर्ट्झवर चालणारा ट्रान्सीव्हर, म्हणजे सतत संकेत पाठवणारे आणि गरज पडल्यास दुसऱ्याचा संकेत शोधणारे यंत्र, जोडून लांब होणारी सुमारे अडीच-तीन मीटरची शोधकाठी म्हणजे प्रोब, आणि धातूच्या पात्याचे फावडे. यांतली एक वस्तू नसेल तर उरलेल्या दोन फारशा कामाच्या नाहीत. आपल्याकडील हिवाळी ट्रेकच्या शुल्कात या वस्तू बहुधा धरलेल्या नसतात. आयोजकाला पैसे भरण्यापूर्वी तसे स्पष्ट विचारावे, आणि वाट तीव्र उतारांखालून जात असताना त्या मिळत नसतील तर दुसरी वाट निवडावी.

सोबती वाहून जाताना तो शेवटचा कुठे दिसला ती जागा डोळ्यांत धरून ठेवावी. बर्फ थांबल्यावर वर आणखी काही सुटण्याच्या बेतात नाही ना हे पाहावे, एकाने सूत्रे हाती घ्यावीत, सगळ्यांनी आपापले ट्रान्सीव्हर शोधाच्या स्थितीत आणावेत आणि मोबाइल लांब ठेवावेत, कारण त्यांचा अडथळा येतो. एकाहून अधिक माणसे मोकळी असतील आणि नेटवर्क असेल तरच एकाने ११२ वर कळवावे. मदत आणण्यासाठी कोणालाही खाली पळवू नये. शेवटच्या दिसलेल्या जागेपासून खाली शोधत जावे, पृष्ठभागावर हातमोजा, टोपी, काठी काही दिसते का ते पाहावे. ट्रान्सीव्हरवरचा अंतराचा आकडा कमी होत गेला की वेग कमी करावा, शेवटचे तीन मीटर यंत्र बर्फाला टेकवून शोधावेत, आणि सर्वांत लहान आकड्याच्या जागेपासून २५ सेंटीमीटरच्या अंतराने बाहेर फिरत जाणाऱ्या वर्तुळांत प्रोब उताराला काटकोनात घालत जावे. माणसाला लागलेले टोक मऊ, उसळी दिल्यासारखे जाणवते. लागल्यावर प्रोब काढायचे नाही.

खणताना नवखे प्रोबच्या बुडाशी विहिरीसारखा खड्डा घेतात आणि तिथेच दमतात. प्रोबच्या खालच्या बाजूला, माणूस जितका खोल आहे साधारण तितक्या अंतरावर उभे राहून उतारात आडवे शिरावे. पुढच्याने बर्फ तोडावा, मागच्यांनी तो वल्ह्यासारखा मागे लोटावा आणि पुढच्याला दर मिनिटाला बदलावे. आधी चेहरा आणि छाती मोकळी करावी, तोंडातला बर्फ काढावा, श्वास नसेल तर कृत्रिम श्वास लगेच सुरू करावा. बाहेर काढल्यावर त्याला उभे करू नये, हातपाय चोळू नयेत. आडवे ठेवून, ओले कपडे बदलून, स्लीपिंग बॅगमध्ये गुंडाळून हळुवार हलवावे.

हे सगळे वाचून येत नाही. केदारकांठ्याच्या पायथ्याच्या सांक्रीला किंवा गुलमर्गला पोहोचल्यावर पहिल्याच दुपारी मुक्कामामागच्या सपाट बर्फात एक चालू ट्रान्सीव्हर जुन्या पिशवीत घालून मीटरभर खोल पुरावा, ज्याने पुरला त्याने घड्याळ लावावे आणि बाकीच्यांनी शोधावे. पहिल्या खेपेला वीस मिनिटे लागली तरी खचू नये. वेळ दहा मिनिटांच्या आत येईपर्यंत पिशवी पुन्हा पुन्हा वेगळ्या जागी पुरावी, आणि दर खेपेला शोधणारा बदलावा, कारण उतारावर कोण वर राहील आणि कोण खाली जाईल हे आधी ठरलेले नसते.